सर्वांत मागे कोण चालतो?

पाऊस उघडला, की रविवारी पहाटे घणसोली स्टेशनवर पाठीला सॅक लावलेली मंडळी दिसू लागतात. पनवेलची गाडी, पुढे ठाकूरवाडी, तिथून प्रबळगड नाहीतर कलावंतीण दुर्ग आणि संध्याकाळी घरी. आमच्या तळवलीतूनही असे गट जातात. डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच वाटतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला डोंगरासारखे स्वस्त औषध नाही. पण औषध म्हटले की मात्रा आली, आणि पथ्यही आले.

एका सोमवारी माझे एक जुने पेशंट दवाखान्यात आले. वय अठ्ठेचाळीस, मधुमेहाची गोळी चालू. आदल्या दिवशी बारा जणांबरोबर ते कलावंतिणीला निघाले होते. पहाटे पाचला नेहमीची गोळी घेतली; डबा माथ्यावर उघडायचा ठरले होते. प्रबळमाचीच्या अलीकडे हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकीचे पुढे गेलेले. हाक का मारली नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "डॉक्टर, सगळी तरुण पोरं. लाज वाटली हो." कसेबसे ते माचीवरच्या एका घरापर्यंत पोहोचले. तिथल्या मावशींनी दोन कप गोड चहा पाजला, म्हणून निभावले.

तीच चक्कर पुढे कलावंतिणीच्या पायऱ्यांवर आली असती तर? कातळात खोदलेल्या त्या उंच पायऱ्यांच्या कडेला दरी आहे आणि धरायला कठडा नाही.

घडले ते असे. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यात चढणीवर पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. अशा वेळी तीन-चार चमचे साखर ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, नंतर पोळी किंवा बिस्किटे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. मनाने गोळी बंद करणे हाही उपाय नव्हे. डोंगराच्या दिवशी काय करायचे ते आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

इथे माझीही चूक कबूल करतो. चिठ्ठीवर मी 'जेवणापूर्वी' एवढेच लिहिले होते. हे गृहस्थ रविवारी काय करतात, हे सहा वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

काही जण म्हणतील, ज्याला झेपत नाही त्याने यावेच कशाला? मला हे पटत नाही. ज्यांना डोंगराची सर्वांत जास्त गरज आहे तेच मग घरी बसतील. दोष मागे राहणाऱ्याचा नाही, गटाच्या रीतीचा आहे. पाहा, पुढचे लोक झाडाखाली दहा मिनिटे बसतात. मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि त्याच क्षणी "चला, आले सगळे!" म्हणून गट उठतो. ज्याला विश्रांती हवी, नेमकी त्यालाच ती मिळत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की गटाचा वेग सर्वांत मागच्या माणसाने ठरवावा. एक जाणता गडी कायम शेवटी चालावा. विश्रांतीची दहा मिनिटे शेवटचा माणूस बसल्यापासून मोजावीत. निघण्यापूर्वी म्होरक्याने प्रत्येकाला बाजूला घेऊन आजार आणि औषधे विचारावीत. चारचौघांत विचारले तर खरे उत्तर मिळत नाही.

आणखी एक. चढताना छातीवर दडपण आले, ते जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकले आणि बसल्यावर थांबले, तर बहुतेक जण त्याला गॅस म्हणतात. बसल्यावर थांबले म्हणून ते गॅस ठरत नाही. हृदयाचे दुखणे पुष्कळदा असेच वागते. तिथेच थांबावे, पुढे एक पाऊलही चढू नये आणि १०८ ला फोन लावावा. रेंज नसेल तर दोघांना खाली पिटाळावे. रुग्णाला एकटे सोडू नये, एकटे परतही पाठवू नये.

माझे पेशंट पुन्हा डोंगरावर जाऊ लागले आहेत. आता पोटभर न्याहारी करून निघतात, खिशात साखरेची पुडी असते. मुख्य म्हणजे, दम लागला की मोठ्याने सांगतात. गड कुठे पळून जात नाही, मंडळी. तो पुढच्या रविवारीही तिथेच असतो. आपण असायला हवे.