वाटाघाटींची रंगीत तालीम यंत्रासमोर

विशेष प्रतिनिधी

मुलाखतीच्या आदल्या रात्री आरशासमोर उभे राहून उत्तरे घोकण्याचा काळ मागे पडत चालला आहे. आरशाच्या जागी आता संगणकाचा पडदा आला असून तो उलट उत्तरही देतो. ‘तू एका कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी आहेस, मी नोकरीसाठी आलेला उमेदवार आहे, माझी पगाराची मागणी सहजासहजी मान्य करू नकोस,’ एवढी सूचना दिली की चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखी प्रणाली बोलणी सुरू करते. मराठीतून विचारले तर मराठीतून घासाघीस करते आणि शेवटी आपण कोठे चुकलो, हेही सांगते.

नोकरी बदलताना पगार ठरवणे, जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात विकासकाकडून अटी मान्य करून घेणे, भाडेकराराचे नूतनीकरण करणे, असे प्रसंग शहरी मध्यमवर्गीयाच्या आयुष्यात मोजकेच येतात. त्यांचे परिणाम मात्र वर्षानुवर्षे भोगावे लागतात. समोरचा पक्ष हे काम नित्यनेमाने करत असतो आणि आपण ते प्रथमच करत असतो. अनुभवातील ही तफावत यंत्राबरोबरच्या सरावाने भरून निघेल का, हा या नव्या प्रयोगातील खरा प्रश्न आहे.

मोजक्यांची विद्या

वाटाघाटी हे जन्मजात अंगी असणारे कसब नसून शिकता येणारी विद्या आहे, हा विचार रूढ करण्यात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचे ‘गेटिंग टू येस’ हे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोन वर्षांनी हार्वर्डमध्ये वाटाघाटींच्या अभ्यासाचा स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. समोरच्याची मागणी आणि तिच्यामागची गरज या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात, तसेच सौदा फिसकटला तर आपल्या हाती कोणता पर्याय उरतो, हे बोलणीला बसण्यापूर्वीच ठरवावे, ही या मांडणीतील दोन प्रमुख सूत्रे.

ही विद्या शिकवण्याची पद्धत म्हणजे नाट्यरूप सराव. दोन विद्यार्थ्यांनी विक्रेता आणि खरेदीदार व्हायचे, प्रत्येकाला वेगळी गोपनीय माहिती द्यायची आणि बोलणी संपल्यावर शिक्षकाने त्यांचे विच्छेदन करायचे. व्यवस्थापन संस्थांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. मात्र त्यासाठी सहाध्यायी लागतात, शिक्षक लागतो आणि शुल्कही मोजावे लागते. साहजिकच पुण्यातील एखादा अभियंता किंवा बोरिवलीतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव यांच्या वाट्याला असा सराव कधी आला नाही. आज तो मोबाइलवर फुकट अथवा अल्प दरात उपलब्ध झाला आहे.

यंत्राची तयारी

यंत्राला सौदा करता येतो, हे आता नवे राहिलेले नाही. २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी दोन संगणकीय प्रणालींना पुस्तके, टोप्या आणि चेंडू यांची आपसात वाटणी करायला लावले. ज्या वस्तूची आपल्याला गरजच नाही तिच्यात रस असल्याचे भासवायचे आणि नंतर ती ‘उदारपणे’ सोडून द्यायची, ही बाजारातील जुनी क्लृप्ती या प्रणाली आपणहून शिकल्या. २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या ‘सिसेरो’ या प्रणालीने ‘डिप्लोमसी’ या सात खेळाडूंच्या युती-आघाड्यांच्या खेळात माणसांशी संवाद साधत ४० डाव खेळले आणि एकापेक्षा अधिक डाव खेळणाऱ्यांमध्ये वरच्या दहा टक्क्यांत स्थान मिळवले.

व्यवहारातही याचा वापर सुरू झाला आहे. वॉलमार्ट या बलाढ्य कंपनीने २०२१ मध्ये कॅनडात ‘पॅक्टम’ या कंपनीच्या प्रणालीद्वारे ८९ पुरवठादारांशी बोलणी करून पाहिली. त्यांपैकी ६४ टक्के पुरवठादारांशी करार झाले आणि त्यासाठी सरासरी अवघे ११ दिवस लागले. म्हणजे ज्या यंत्रासमोर सामान्य माणूस सराव करू पाहत आहे, ते यंत्र बड्या कंपनीच्या बाजूने केव्हाच बोलणीला बसले आहे. सराव ही केवळ हौस का राहिलेली नाही, ते यावरून ध्यानात यावे.

गोड बोलणारा प्रतिपक्ष

या सरावाचा लाभ नाकारता येणार नाही. आपली मागणी मोठ्याने उच्चारण्याचाच अनेकांना संकोच वाटतो. ‘सध्या किती मिळतात?’ हा प्रश्न येताच उमेदवार गडबडतो आणि आकडा सांगून मोकळा होतो. ‘आमच्या श्रेणीत एवढेच बसते’ हे वाक्य तो अंतिम निर्णय समजतो. वास्तविक, कंपनीने सांगितलेल्या वार्षिक एकूण रकमेत भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग हे सारे धरलेले असू शकते. दरमहा हाती किती पडणार, हे विचारण्याची सवय दहा वेळा सराव केल्याने लागते.

मात्र या प्रतिपक्षात काही उणिवा आहेत. पहिली उणीव म्हणजे त्याचा गोड स्वभाव. वापरणाऱ्याला खूश ठेवण्याकडे या प्रणालींचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती ती अतिरेकी खुशामत करू लागल्याने मागे घ्यावी लागली होती. अशा स्वभावाचे यंत्र कठोर अधिकाऱ्याची भूमिका घेते खरे, पण दोन नीटनेटकी वाक्ये ऐकताच विरघळते. त्यातून उमेदवाराला येणारा आत्मविश्वास खऱ्या अधिकाऱ्यासमोर पाच मिनिटेही टिकत नाही.

दुसरी उणीव वापरणाऱ्याच्याच हातून निर्माण होते. ‘मला १२ लाख हवेत, पण १० लाखांवरही मी तयार आहे’ असे आधी सांगून मग त्याच संवादात यंत्राला अधिकारी बनवले, तर आपली तळाची रक्कम प्रतिपक्षाला ठाऊक झालेली असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा वाटाघाटींचा पहिला धडा येथे प्रारंभीच मोडला जातो. तयारी एका संवादात आणि प्रत्यक्ष तालीम दुसऱ्या, कोऱ्या संवादात करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

तिसरी उणीव माध्यमाची आहे. वाशीच्या फळबाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटांच्या खुणांनी ठरवण्याची पद्धत अनेकांनी पाहिली असेल. तिच्या पारदर्शकतेविषयी आक्षेप रास्तच आहेत. पण शब्दांवाचून सौदा कसा होतो, ते त्या बाजारात दिसते. समोरच्याचे मौन, घड्याळाकडे टाकलेली नजर, ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हणून लावलेला आठवड्याचा विलंब, ही खऱ्या बोलणीतील अस्त्रे आहेत. यंत्र मात्र तत्काळ आणि सविस्तर उत्तर देते. त्याला घाई नाही, कंटाळा नाही आणि गमावण्यासारखे काहीही नाही.

पर्याय कोणाच्या हाती?

बोलण्याचे कौशल्य कितीही घासूनपुसून लख्ख केले, तरी सौद्याचा निकाल बहुधा बोलण्याबाहेरच्या गोष्टींवर ठरतो. मुंबईला याची जाणीव वेगळी करून द्यायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. नेतृत्व आक्रमक होते आणि कामगारांची एकजूटही अभूतपूर्व होती. तथापि, गिरण्यांच्या गोदामांत माल पडून होता आणि कापडाचे उत्पादन यंत्रमागांकडे वळत चालले होते. मालकांना थांबणे परवडत होते. कामगाराला मात्र गाव गाठण्याखेरीज पर्याय नव्हता. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलणी करण्याचा अधिकार मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ज्यांच्या मागे कामगार होते त्यांना अधिकार नव्हता आणि ज्यांना अधिकार होता त्यांच्या मागे कामगार नव्हते. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरणगाव मात्र उठले.

आजचा संदर्भ लहान असला तरी गणित तेच आहे. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी करणाऱ्या समितीने यंत्रासमोर वाढीव क्षेत्रफळ, भाडे आणि कॉर्पस निधी यांवर कितीही वाद घातला, तरी सभासदांत फूट असेल आणि दुसऱ्या विकासकाचा देकार हाती नसेल, तर विकासक फार झुकणार नाही. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक निर्णयात पुनर्विकासासाठी आवश्यक संमतीचे प्रमाण ५१ टक्के ठरवण्यात आले. २००९ च्या निर्णयात ते तीन चतुर्थांश होते. विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी घेण्याची तरतूदही त्यात आहे. अशा तरतुदी माहीत असणे हेच समितीचे बळ आहे आणि त्यांचा आधार घेऊन बोलण्याचा सराव यंत्राकडून जरूर करून घ्यावा. मात्र तरतूद मूळ शासन निर्णयातूनच पडताळून घ्यावी, कारण ही यंत्रे चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे सांगतात.

सल्ल्यातील पक्षपात

याहून गंभीर बाब सल्ल्याची आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०२५ मध्ये काही प्रणालींना पगाराच्या वाटाघाटींसाठी सल्ला विचारला. अर्जदाराचे शिक्षण, अनुभव, पद असे सारे तपशील समान ठेवून फक्त स्त्री की पुरुष एवढेच बदलले. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात काम करू इच्छिणाऱ्या अनुभवी वैद्यकीय तज्ज्ञाच्या उदाहरणात पुरुषाला चार लाख डॉलर मागण्याचा, तर स्त्रीला दोन लाख ८० हजार डॉलर मागण्याचा सल्ला मिळाला. माणसांच्या लिखाणावर पोसलेल्या यंत्राने माणसांचा जुना दुजाभाव गणिताच्या आवरणात परत केला.

स्त्रिया पगार मागत नाहीत, हे निरीक्षण लिंडा बॅबकॉक यांनी सारा लॅशेव्हर यांच्यासह २००३ मध्ये मांडले होते. पगार मागणाऱ्या स्त्रीविषयी समोरच्याचे मत पुरुषाच्या तुलनेत अधिक प्रतिकूल होते, हे २००७ मध्ये बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. अशा परिस्थितीत धीर मिळवण्यासाठी यंत्राकडे गेलेल्या तरुणीला तेथेच कमी आकडा सुचवला गेला, तर सरावाने तिचे नुकसानच होईल. म्हणून मागणीचा आकडा यंत्राला विचारू नये. तो त्याच क्षेत्रात काम करणाऱ्या चार माणसांकडून काढावा आणि मग यंत्रासमोर त्याची राखण करण्याचा सराव करावा.

गोपनीयतेचे पथ्यही पाळणे आवश्यक आहे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीची अंतर्गत संगणकीय माहिती चॅटजीपीटीला पुरवल्याचे उघड झाल्यावर त्या कंपनीला अशा प्रणालींच्या वापरावर निर्बंध घालावे लागले. नियुक्तिपत्र, विकासकाचा देकार किंवा कराराचा मसुदा जसाच्या तसा यंत्रापुढे ठेवण्यापूर्वी त्यातील नावे व ओळख पटवणारे तपशील काढून टाकावेत.

थोडक्यात, यंत्र हा मित्र म्हणून नव्हे तर कडक परीक्षक म्हणून उपयोगी पडणारा सहकारी आहे. ‘तीन वेळा नकार दे, कारण विचार, मध्येच चर्चा पुढे ढकल आणि माझे प्रत्येक कच्चे विधान दाखवून दे,’ अशी स्पष्ट सूचना दिली तरच तालीम कामाची ठरते. रंगीत तालमीत पाठांतर पक्के होते, भीती चेपते. पर्यायी नोकरीचे पत्र, दुसऱ्या विकासकाचा देकार आणि सभासदांची एकजूट मात्र तालमीत तयार होत नाही. त्यासाठी जी पायपीट करावी लागते, ती अजून तरी माणसालाच करायची आहे.