एका अपक्षाचे मोल

ऑस्ट्रेलियातील ग्रामीण मतदारसंघ म्हणजे नॅशनल पक्षाची वतनदारी, असा तेथील राजकारणाचा जुना समज आहे. न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तरेकडील, गुरे, मेंढ्या आणि शेतीवर जगणारा न्यू इंग्लंड हा असाच एक बालेकिल्ला. टोनी विंडसर या शेतकऱ्याने २००१ मध्ये अपक्ष म्हणून तो सर केला. एकेकाळी ते स्वतः नॅशनल पक्षाचेच सदस्य होते. १९९१ पासून दहा वर्षे टॅमवर्थचे आमदार असताना त्रिशंकू विधानसभेत त्यांनी निक ग्रायनर यांच्या उजव्या आघाडी सरकारला पाठिंबा दिला होता. साहजिकच त्यांच्यावर डावेपणाचा शिक्का मारणे विरोधकांनाही अवघड होते.

त्यांची खरी कसोटी लागली ती २०१० मध्ये. १५० सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात कोणालाच बहुमत मिळाले नाही. सतरा दिवसांच्या वाटाघाटींनंतर विंडसर आणि रॉब ओकशॉट या दोघा अपक्षांनी मजूर पक्षाच्या ज्युलिया गिलार्ड यांना कौल दिला व सरकार ७६ विरुद्ध ७४ अशा काठावरच्या बहुमताने तरले. तिसरे ग्रामीण अपक्ष बॉब कॅटर मात्र टोनी अ‍ॅबट यांच्याकडे गेले. विंडसर यांचा हिशेब सरळ होता. मुदतपूर्व निवडणुकीचा मोह अ‍ॅबट यांना अधिक होईल, गिलार्ड यांना तो परवडणार नाही; आणि ग्रामीण भागाला काही मिळवायचे तर संसद पूर्ण मुदत टिकली पाहिजे. ती टिकली.

हक्काच्या मतदारसंघाकडे सत्तेवर आलेला पक्ष दुर्लक्ष करतो आणि विरोधक तेथे शक्ती खर्च करीत नाहीत. ही कोंडी त्या तीन वर्षांत फुटली. ब्रॉडबँडच्या राष्ट्रीय जाळ्यात ग्रामीण भागाला अग्रक्रम आणि शहराइतकाच घाऊक दर मान्य झाला. मुख्य भूमीवरील पहिली जोडणी सिडनीत नव्हे, आर्मिडेलमध्ये झाली. कोळशाच्या थरांतील वायू आणि मोठ्या खाणी यांचा पाण्यावर परिणाम होणार असेल तर केंद्राची संमती बंधनकारक करणारी दुरुस्ती विंडसर यांच्या आग्रहामुळे २०१३ मध्ये झाली. भूजलावर विसंबणाऱ्या लिव्हरपूल प्लेन्सच्या शेतकऱ्यांसाठी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

किंमतही मोजावी लागली. २०१० मध्ये पहिल्या पसंतीची ६० टक्क्यांहून अधिक मते देणाऱ्या मतदारांनी त्यांना मजूर सरकार बनविण्यासाठी निवडले होते काय? त्यांचा कल उजवीकडे होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यात २०११ मध्ये कार्बन उत्सर्जनावरील शुल्काचे विधेयक ७४ विरुद्ध ७२ मतांनी संमत झाले. ते विंडसर यांच्या मताखेरीज होणे शक्य नव्हते. शेतीचे हित आणि शेतकऱ्याची पक्षनिष्ठा एकमेकींच्या विरोधात उभ्या ठाकल्या तेव्हा विंडसर यांनी हिताची बाजू घेतली. ती योग्य होती. मात्र मतदारांना ती पटवून देण्यात ते कमी पडले.

२०१३ मध्ये त्यांनी निवडणूक लढविली नाही आणि नॅशनल पक्षाचे बार्नबी जॉइस यांनी जागा परत मिळविली. २०१६ मध्ये विंडसर पुन्हा रिंगणात उतरले. जॉइस यांनी पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते घेऊन त्यांना हरविले. कार्बन शुल्क २०१४ मध्येच रद्द झाले होते, ब्रॉडबँडची योजनाही अ‍ॅबट सरकारने जुन्या तांब्याच्या तारांकडे वळविली. पाण्याची तरतूद मात्र टिकली. २०२३ मध्ये मजूर सरकारने तिची व्याप्ती सर्व अपारंपरिक वायूप्रकल्पांपर्यंत वाढविली, तेव्हा विंडसर यांना संसद सोडून दहा वर्षे झाली होती.