छाटणी म्हणायचे की शिकार?

मे महिन्याच्या मध्यावर पनवेल परिसरात दोन कामे दर वर्षी एकाच वेळी चालू असतात. कावळ्यांच्या घरट्यांतून अंडी आणि पिल्ले दिसू लागलेली असतात, आणि वीजतारांलगतच्या झाडांच्या फांद्या उतरवायला ठेकेदाराची माणसे बाहेर पडलेली असतात. पहिल्या कामाला कोणी नाव देत नाही. दुसऱ्याला 'पावसाळापूर्व देखभाल' असे भारदस्त नाव आहे. आम्ही मराठी शिकवून पोट भरणारी माणसे. तेव्हा या नावापासूनच भांडणाला सुरुवात करणे आमच्या पेशाला धरून होईल.

गेल्या मे महिन्यात कोन गावाजवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, आम्ही तिघे रिक्षाची वाट पाहत उभे होतो. समोरच्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्या लांब बांबूला बांधलेल्या कोयत्याने उतरवणे चालू होते. एका फांदीबरोबर कावळ्याचे घरटे खाली आले. काटक्या, तारेचे तुकडे आणि तीन पिल्ले. दोन जागीच मेली होती, तिसरे लाल तोंड उघडून घास मागत होते. वर पंधरा-वीस कावळ्यांचा कालवा. आम्ही विचारले तेव्हा कोयता धरलेला तरुण म्हणाला, "सर, लाइन बंद ठेवायला दोनच तास मिळालेत. तेवढ्यात ही आठ झाडं उरकायची. वर काय आहे ते कोण बघणार?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. या लेखातील कोणताही आरोप त्याच्यावर नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. ज्यांनी त्याला दोन तास दिले आणि मे महिना दिला, त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

'छाटणी' हा शब्द मराठीत प्रतिष्ठेचा आहे. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. काडीवर किती डोळे ठेवायचे हे तो मोजतो. कोणत्या महिन्यात आणि कोणत्या जागी कापायचे, याचे ज्ञान म्हणजे छाटणी. रस्त्यावर जे चालते त्यात महिना चुकलेला असतो आणि जागाही. फांदी मध्येच तोडली की त्या जागी कोवळ्या फुटव्यांचा झुबका येतो. ते भराभर वाढतात, खोडाशी त्यांची पकड कच्ची असते, आणि वाऱ्यात तेच आधी मोडून तारेवर पडतात. फांदी जिथून निघते तिथल्या फुगीर कड्याला धक्का न लावता ती कापली तर जखम भरून येते. म्हणजे यंदाचे आडदांड काम पुढच्या वर्षीच्या कामाची बेगमी करून ठेवते. याला छाटणी म्हणणे हा बागायतदारांचा अपमान आहे.

मग काय म्हणावे? कायद्याने शब्द आधीच दिलेला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील 'शिकार' या संज्ञेची व्याख्या अवश्य वाचावी. तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, इतकेच नव्हे तर अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे, याचाही समावेश आहे. बंदूक लागत नाही. बांबूचा कोयता पुरतो. ज्या कृतीला कायदा शिकार म्हणतो तिला कार्यालयीन मराठी देखभाल म्हणते, आणि आपण नागरिक ती सूचना वाचून फक्त वीज किती वाजता येणार एवढेच पाहतो.

कावळ्यासाठी एवढा आक्रोश कशाला, असे कोणी म्हणेल. कायदाही बरीच वर्षे असेच म्हणत होता. कावळा पाचव्या परिशिष्टात, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. गंमत अशी की त्याच घरट्यात कोकिळेने घातलेले अंडे मात्र संरक्षित होते. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेली दुरुस्ती ती यादीच काढून टाकती झाली. शिवाय प्रश्न एकट्या कावळ्याचा नाही. तांबट वाळक्या फांदीत भोक कोरून राहतो, दयाळ ढोलीत अंडी घालतो. आणि वाळकी, पोकळ फांदी धोक्याची म्हणून सर्वांत आधी कापली जाते.

दुसरा कायदा वीज अधिनियम, २००३. त्याच्या कलम ६८ नुसार तारेला अडथळा ठरणारे झाड कार्यकारी दंडाधिकारी किंवा शासनाने नेमलेला अधिकारी काढायला लावू शकतो. तार येण्यापूर्वीपासून झाड तिथे असेल, तर त्या झाडात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला मोबदला देण्याची तरतूदही आहे. 'हितसंबंध असलेली व्यक्ती' हे शब्द पाहावेत. झाडात ज्याचे घर आहे तो त्या व्याख्येत बसत नाही.

या अज्ञानाला निदान आपल्याकडे तरी सबब नाही. कावळ्याने आंब्यावर घरटे केले तर पाऊस बरा, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर दुष्काळ, असा आडाखा महाराष्ट्रातल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. तो हवामानशास्त्राच्या कसोटीस उतरतो की नाही, हा वेगळा प्रश्न. त्यातून एवढे सिद्ध होते की पावसाच्या तोंडावर झाडावर घरटे असते हे आपल्या आजोबांना ठाऊक होते, आणि ते मान वर करून पाहत होते. मारुती चितमपल्ली यांनी कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार' हा शब्द मराठीला दिला. शब्द आहे, आडाखा आहे, कायदा आहे. नाही ती मान वर करण्याची सवय.

आता विरुद्ध बाजू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा झाडे आणि खांब कोसळून जिल्ह्यातली कितीतरी गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. तुटलेली जिवंत तार माणसाचा जीव घेते. कोनमध्ये इमारती वाढल्या, गिरणी कामगारांच्या वाट्याची घरे आली. त्यांना अखंड वीज हवी, आम्हालाही हवी. तारेपासून फांदी दूर ठेवलीच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण वादळ अवचित येते, पावसाळा नव्हे. तो दर जूनला येतो. जी गोष्ट वर्षभर आधी ठाऊक असते तिची तयारी शेवटच्या पंधरवड्यात करायची आणि तिला तातडी म्हणायचे, ही सबब आम्ही विद्यार्थ्याकडूनही ऐकून घेत नाही. पावसाळी वाढ संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी या काळात मुख्य काम का होऊ नये? मे महिन्यासाठी खरोखर धोक्याच्या मोजक्या फांद्याच उरतील. जर्मनीत १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात कुंपणाची झाडेझुडपे मुळापर्यंत तोडण्यास कायद्याने मनाई आहे. तिथेही विजेचे दिवे लागतातच.

कर्नाळ्याचे अभयारण्य पनवेलपासून जवळच आहे. १९६८ पासून तिथला पक्षी 'वैभव' आहे, शाळेच्या सहलीचा विषय आहे. कोनच्या रस्त्यावरचा पक्षी 'अडथळा' आहे. पक्ष्याला ही हद्द कळत नाही. ती आपण आखली आहे. हद्दीबाहेरच्यांचे काय होते ते सप्टेंबर २०२२ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात दिसले. महामार्ग रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेले झाड पाडले, पिल्ले रस्त्यावर आपटून मेली. चित्रफीत देशभर पाहिली गेली म्हणून गुन्हा नोंदला गेला. ज्या झाडाची चित्रफीत निघत नाही, त्याचे काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत. मुख्य काम हिवाळ्यात करावे. कापण्यापूर्वी दुर्बीण घेऊन एका माणसाने झाड पाहावे आणि नोंद करावी. वापरातले घरटे असेल तर पिल्ले उडेपर्यंत, धोका नसल्यास, ती फांदी राखावी. धोका असल्यास वनखात्याला कळवून मगच हात लावावा. ठेकेदाराच्या करारात या पाहणीचे पैसे धरावेत, म्हणजे कोयता धरणाऱ्याला दोन तासांत आठ झाडे उरकावी लागणार नाहीत.

आणि हे होईपर्यंत, निदान सूचनेत खरा शब्द छापावा. 'उद्या सकाळी दहा ते बारा शिकारीनिमित्त वीजपुरवठा बंद राहील.' वाचून कोणाला तरी लाज वाटेल.