निसर्गचित्रकार युद्ध रंगवतो तेव्हा

काशीच्या पंचगंगा घाटावर औरंगजेबाच्या काळातील आलमगीर मशीद उभी आहे. तिचे उंच मिनार आज राहिलेले नाहीत. परंतु विल्यम हॉजेस या इंग्रज निसर्गचित्रकाराने ते पाहिले आणि १७९३ च्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांचे वर्णन केले. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने तो १७८१ साली काशीस आला होता. त्याने रंगविलेले घाट शांत, प्रसन्न आहेत.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मात्र काशी शांत नव्हती. कंपनीच्या युद्धखर्चासाठी हेस्टिंग्जने राजा चेतसिंगाकडे वाढीव रकमा मागितल्या आणि अखेर त्यास अटक केली. लोक उठले, कंपनीचे शिपाई मारले गेले, हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याकडे पळ काढावा लागला. हे सारे हॉजेसने जवळून पाहिले. तरीही १७८७ साली रॉयल अकॅडमीस दिलेल्या त्याच्या काशीच्या चित्रात या संघर्षाची पुसट खूणही नाही. अशी शांतता राज्यकर्त्यांना प्रिय असते, यात नवल कसले?

पुढे इंग्लंड क्रांतिकारी फ्रान्सशी लढत असता, १७९४ च्या अखेरीस, हॉजेसने लंडनमध्ये दोन चित्रे मांडली. एकात शांततेच्या काळातील गजबजलेले, समृद्ध बंदर. दुसऱ्यात तेच बंदर युद्धाने उद्ध्वस्त झालेले. फ्लँडर्सच्या अपयशी मोहिमेचा सेनापती, राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क जानेवारी १७९५ मध्ये प्रदर्शनास आला. खालच्या वर्गांच्या मनात अशा चित्रांनी भलते विचार शिरतील, हा त्याचा आक्षेप! प्रदर्शन बंद झाले. हॉजेसने चित्रकला सोडून डार्टमथ येथे पेढी काढली. १७९७ साली ती बुडाली आणि त्याच वर्षी तो मरण पावला.

निसर्गचित्र म्हणजे पलायनवाद, असे आपल्यातील काही टीकाकार सरसकट म्हणतात. हॉजेसचे उदाहरण त्यांनी तपासावे. राजपुत्राला भीती वाटली ती केवळ भग्न बंदराची नव्हे. शेजारी नांदते बंदर होते, म्हणूनच प्रेक्षक विचारू शकत होता: हे कोणी मोडले, कोणासाठी मोडले? सुंदर जगाचे प्रेम कष्टकऱ्यांनाही आहे, कारण ते जग त्यांच्याच हातांनी उभे राहिले आहे. चित्रकाराने घाट रंगविला, यात दोष नाही. घाटावर काय घडले ते पाहूनही वगळले, दोष तिथे आहे.