इतिहासाच्या तासाला ‘आपण’ कोण?

चौथीला अफजलखानाचा धडा शिकवताना मी फळ्यापेक्षा मुलांच्या चेहऱ्यांकडे जास्त बघते. मीरा रोडच्या आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात जवळजवळ सगळीच मुलं मुसलमान. पुस्तक मात्र तेच, बालभारतीचं, लिपी तेवढी वेगळी. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने धडा संपताच विचारलं, “मिस, हम किसकी तरफ थे?”

मी ठरलेलं उत्तर दिलं. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पत्रव्यवहार बघायला काझी हैदर होता, आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. उत्तर बरोबर आहे, मी ते आजही देते. मुलाने मान डोलावली. घरी जाताना रिक्षात मात्र मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. मी त्याला फक्त कोण कोणत्या फौजेत होतं ते सांगितलं होतं. त्याचं ‘हम’ अजून रणांगणावरच उभं होतं. त्याचे पूर्वज तर बहुधा कुठल्याच फौजेत नसतील. ते कापड विणत असतील, नाहीतर शेत नांगरत असतील. त्यांचा धडा कुठे आहे?

म्हणून गेल्या वर्षापासून मी जूनमध्येच एक गृहपाठ देते. घरातलं सगळ्यात जुनं माणूस शोधा. ते इथे कुठून आलं, कधी आलं, काय काम करायचं, ते विचारा. जमलं तर त्या कामातली एखादी वस्तू आणा. नया नगरमधली कितीतरी घरं १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून इथे आली आहेत. मुलांना ते अर्धवट ठाऊक असतं. मोठी माणसं बोलत नाहीत.

एक मुलगी धोटा घेऊन आली. तिचे दादा मदनपुऱ्यात राहायचे, गिरणीत विणकर होते. १९८२च्या संपात काम गेलं ते गेलंच. त्या एका धोट्यावर आमचे तीन तास गेले. त्यांचे पणजोबा उत्तरेतून हातमाग सोडून का आले, भिवंडी आणि मालेगावात मोमीन वस्त्या कशा झाल्या, गिरणीचा भोंगा म्हणजे काय. मग मी धोट्याचं भोक दाखवलं. पूर्वी त्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्टा धागा नको, म्हणून दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि पगार तर तिथेच जास्त. तिथे मराठे होते आणि आपले मोमीन होते. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसाला लावला.

मुलगी म्हणाली, “दादाने ये तो नहीं बताया.”

दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन आला. मुलांना बिरादरी, जुलाहा वगैरे कशाला शिकवता? इस्लाममध्ये जात नाही. मी म्हटलं, भाईजान, धर्मात नाही हे खरंच, पण लग्न जुळवताना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? ते हसले, पण नाराजच होते. रोजच्या जगण्यातून इतिहास शिकवायचा म्हणजे गंगाजमनी गोडवा सांगायचा, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. घरातली वस्तू खरं बोलायला लागली की आपल्याबद्दलही बोलते.

गोडवाही असतो म्हणा. मराठीच्या तासाला ‘दप्तर’ शब्द आला की वर्ग हसतो, कारण उर्दूत दफ्तर म्हणजे ऑफिस. मग हजेरी, तारीख, अर्ज, कागद असे शब्द मुलं स्वतःच पकडू लागतात. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हेही मी तिथेच सांगते. सगळ्यात मोठा धक्का बिर्याणीचा. मुंबईच्या बिर्याणीत बटाटा हवाच, पण बटाटा आणि हिरवी मिरची दोन्ही अमेरिकेतली. ती आणणारे पोर्तुगीज १५३४पासून १७३९पर्यंत वसईच्या या पट्ट्यावर होते. घोडबंदरचा किल्ला मुलांनी पाहिलेला असतो, उत्तनची चर्चही. अकबराच्या ताटात हिरवी मिरची नव्हती, हे ऐकून एकाने मला खोटं ठरवलं.

यावर “पेपरात काय येणार?” हा प्रश्न असतोच. धडा मी पूर्ण शिकवते, एक ओळ गाळत नाही. लढाया टाळण्यासाठी हे चाललंय, असं एका सहकाऱ्यांना वाटतं. मला वाटतं, मूल त्या धड्यापाशी पोहोचेल तेव्हा त्याला उभं राहायला स्वतःची थोडी जमीन हवी.

तो धोटा अजून माझ्या कपाटात आहे. दादांनी परत मागितला, तेव्हा मी म्हटलं, वर्गात येऊन घेऊन जा, आणि मुलांना धाग्याची गोष्ट तुम्हीच सांगा. “सोचता हूँ बेटा,” म्हणाले. अजून आलेले नाहीत.