गोठ्यातला कॅमेरा

गाय विण्याच्या बेतात असली की शेतकरी रात्रीतून तीन-चार वेळा गोठ्यात जातो. अंधारात, बहुधा अनवाणी. मण्यार, घोणस मुख्यतः रात्री फिरतात. या फेऱ्या वाचवायला जुना स्मार्टफोन, वायफाय आणि मोफत कॅमेरा अ‍ॅप पुरेसे आहे. फोन आणि चार्जरची वायर जनावराच्या आवाक्याबाहेर बांधावी. साध्या फोनला अंधारात दिसत नाही, म्हणून मंद दिवा ठेवावा.

मात्र कळा सुरू झाल्यावर गोठ्यात जावेच लागते. तेव्हा पायात बूट, हातात बॅटरी हवी. वार उघड्या हातांनी ओढू नये. तिच्यातून ब्रुसेलोसिसचे जंतू माणसात येऊ शकतात. म्हणून खर्चाचा क्रम ठरवावा: आधी बूट, बॅटरी, हातमोजे, मग कॅमेरा.