घरातल्या नेटचा पत्ताही शिकवायला हवा!

रत्नागिरी जिल्ह्यात ‘वरचीवाडी’ अनेक गावांत सापडते. गावात तेवढं नाव पुरतं. बाहेरून पत्र यायचं तर गाव, पिनकोड लागतोच. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्तेही असेच घरापुरते. १९९६ च्या ‘आरएफसी १९१८’ या नियमाने ते सर्वांना मोकळे ठेवलेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. बाहेर जाताना राउटर आपला पत्ता लावतो.

गोंधळ होतो तो पहिल्या राउटरमागे दुसरा जोडल्यावर. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर माहितीचं पाकीट आत ठेवायचं की बाहेर पाठवायचं, हे दुसऱ्याला कळत नाही. नेट बंद! मग राउटर बिघडला म्हणून नवा आणायचा? आतल्याला १९२.१६८.२.१ दिलं की बहुतेक वेळा काम होतं. म्हणून वाटतं, संगणकाच्या तासाला मुलांना नुसतं टायपिंग नको, हेही शिकवूया.